सातपुडा : डोंगर, गोटे आणि विहीर

(जळगाव येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय सातपुडा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची गावं चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या बाजूची आहेत. म्हणजे सातपुडा तुम्हाला दाखवायची गरज नाही. उत्तरेला तोंड केलं की तो दिसतोच. पण जी गोष्ट रोज दिसते, तिच्याकडे आपण नीट पाहत नाही. सातपुडा म्हटलं की आपल्याला आठवतं पालचं थंड हवेचं ठिकाण, मनुदेवीचा धबधबा, तोरणमाळची सहल. डोंगर वर आहे, शेती खाली आहे, आणि दोघांचा संबंध फक्त शोभेपुरता आहे, अशी आपली समजूत असते. आज मला एवढंच सांगायचं आहे, की तुमच्या विहिरीचा उगम त्या डोंगरात आहे. कसा, ते टप्प्याटप्प्याने बघू.

नावात घड्या, पण डोंगर घडीचा नाही

सातपुडा म्हणजे सात पुडे, सात घड्या, असा अर्थ आपण लहानपणापासून ऐकतो. एका डोंगरामागे दुसरा, त्यामागे तिसरा, असं लांबून दिसतं, म्हणून नाव छान शोभतं. पण शाळेत भूगोलात आपण ‘वली पर्वत’ शिकलो होतो, आठवतं का? जमिनीला दोन्ही बाजूंनी दाब बसला, तिला वळ्या पडल्या आणि हिमालय उभा राहिला. तो खरा घडीचा पर्वत. सातपुडा तसा नाही. सातपुडा आहे ‘गट पर्वत’. म्हणजे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, भेगांच्या मधला भाग वर राहिला किंवा उचलला गेला, आणि दोन्ही बाजूंचे भाग खचले. उत्तरेचा खचलेला भाग म्हणजे नर्मदेचं खोरं आणि दक्षिणेचा म्हणजे आपलं तापीचं खोरं.

महाराष्ट्रातल्या बाकीच्या मोठ्या नद्या पाहा. गोदावरी, भीमा, कृष्णा सगळ्या पूर्वेला जातात, कारण पठाराचा उतार तिकडे आहे. तापी मात्र बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. ती उलटी वाहते असं आपण म्हणतो. उलटं काही नाही. जमीन जिथे खचली, तिथून पाणी गेलं. खचदरीने नदीला वाट दिली.

खडक मात्र वर आणि खाली एकच. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले, तोच आपला काळा पाषाण, बेसाल्ट. तोरणमाळच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, हाच खडक आहे. आणि इथे खाली, शेताच्या काळ्या मातीखाली, गाळाखाली खोल गेलात तर तिथेही हाच आहे. एकच लादी होती. ती तुटली. एक तुकडा वर, एक खाली.

जमीन ताणली गेली, त्याची खूण

ही तुटण्याची गोष्ट नुसती पुस्तकातली नाही. तापी ओलांडून दक्षिणेला या. धुळे, साक्री, नंदुरबार या भागात फिरताना माळावर मैलोनमैल गेलेल्या काळ्या दगडी भिंती दिसतात. कोणी राजाने बांधल्यासारख्या. त्या बांधलेल्या नाहीत. लाव्हा वर येताना भेगांमध्ये शिरला, तिथेच थिजला, आणि आजूबाजूचा खडक झिजल्यावर ती कठीण पट्टी भिंतीसारखी उभी राहिली. भूवैज्ञानिक त्यांना ‘डाइक’ म्हणतात. धुळे-नंदुरबारचा डाइकांचा समूह जगभरातल्या अभ्यासकांना माहीत आहे. त्यांतले बहुतेक पूर्व-पश्चिम जातात. भेग पूर्व-पश्चिम पडली याचा अर्थ जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेली. सातपुडा पूर्व-पश्चिम, नर्मदा पूर्व-पश्चिम, तापी पूर्व-पश्चिम, भिंतीही पूर्व-पश्चिम. भूकवचातली कमजोर रेषा एकच, तिची रूपं निरनिराळी.

आणि ती रेषा मेलेली नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता. १९९७ च्या मे महिन्यात जबलपूरला झाला, तोही याच नर्मदेच्या पट्ट्यातला. घाबरवायला सांगत नाही. पण ‘आपला डोंगर म्हातारा, गप्प बसलेला’ असं समजू नका, एवढंच.

दुसरी खूण तर तुम्ही हातात घेऊन पाहिली असेल. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव आहे. गरम पाण्याचा झरा. लोक अंघोळीला जातात. बऱ्याच जणांना वाटतं की खाली ज्वालामुखी आहे. नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढतं. तिथे ते पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. म्हणजे उनपदेव आपल्याला दोन गोष्टी सांगतो. एक, इथे भेगा खोल आहेत. दोन, डोंगरावर पडलेलं पाणी जमिनीच्या आत प्रवास करतं.

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता

आता हा रस्ता डोळ्यांसमोर आणा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा. ही सगळी गावं एका माळेत ओवल्यासारखी आहेत. तापीच्या काठावर नाहीत, आणि डोंगरातही नाहीत. मधल्या पट्ट्यात आहेत. असं का?

तापीकडे जाऊन पाहा. नदी खोल गेलेली आहे. दोन्ही काठांना उंच दरडी, त्यात घळी. नदीचं पाणी नुसत्या उताराने शेतात आणणं अवघड. तिकडे पांझरेवर धुळे जिल्ह्यात शेकडो वर्षं फड पद्धत चालली. बंधाऱ्यातून पाट काढायचा आणि सगळ्या गावाने पाळीपाळीने पाणी घ्यायचं. तापीवर असं जमलं नाही. म्हणून उत्तरेकडचा शेतकरी विहिरीवर जगला.

आणि विहिरीला पाणी का लागलं? डोंगर उचलला गेला तसा तो झिजायलाही लागला. उतार तीव्र. पावसाळ्यात सुकी, मोर, गूळ, अनेर, अरुणावती, गोमाई अशा नद्या आणि शेकडो नाले दगड-गोटे घेऊन धावत खाली आले. सपाटी लागली की पाण्याचा जोर संपतो. मग ते काय करतं? आधी जड माल टाकतं. मोठे गोटे अगदी पायथ्याला. त्यापुढे वाळू. आणि बारीक गाळ, माती सर्वांत पुढे, तापीकडे. हजारो-लाखो वर्षं हे चाललं. त्यामुळे पायथ्याला, डोंगराला लागून, दगडगोट्यांचा लांबलचक पट्टा तयार झाला. भूवैज्ञानिक त्याला ‘बझाडा’ म्हणतात. शब्द स्पॅनिश आहे, अर्थ साधा आहे, उतार. त्याच्या पुढे तापीपर्यंत शेकडो फूट खोल गाळाची जमीन.

तुम्ही पाहिलं असेल, डोंगरातून नाला खळाळत येतो आणि पायथ्याला आल्यावर गडप होतो. पुढे कोरडं पात्र. जुने लोक म्हणतात, नाला जमिनीने पिला. अगदी बरोबर आहे. गोट्यांमधल्या फटींतून ते पाणी खाली उतरतं आणि मग जमिनीखालून, वाळूच्या थरांतून, तापीच्या दिशेने सरकतं. वाटेत तुमची विहीर आहे.

म्हणून मी म्हणतो, हा पायथ्याचा पट्टा म्हणजे टाकीचं झाकण. झाकण उघडं असलं तर टाकी भरते. ते बंद केलं तर वर कितीही पाऊस पडो, पाणी वाहून जातं.

टाकीचा हिशोब

जरा आकडे मांडू. आपल्याकडे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एका एकरावर सातशे मिलिमीटर म्हणजे साधारण २८ लाख लिटर पाणी. ते सगळं मुरत नाही. बरंच वाहून जातं, बरंच उडून जातं. आता केळी. केळीला वर्षभरात ढोबळमानाने दीड ते दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं. दीड हजार धरलं तरी एकरी ६० लाख लिटर. म्हणजे आभाळातून पडणारं सगळंच्या सगळं पाणी केळीने प्यालं, तरी निम्म्याहून जास्त दुसरीकडून आणावं लागतं. ते येतं टाकीतून.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमानाची गोष्ट आहे. आपल्या शेतकऱ्याने ठिबक लावलं, टिश्यू कल्चरची रोपं आणली, हेही खरं. पण रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या सरकारी पाहणीत ‘अतिशोषित’ गटात आलेले आहेत. म्हणजे जितकं मुरतं, त्यापेक्षा जास्त आपण उपसतो. आधी विहीर होती. मग विहिरीत आडवे बोअर घेतले. मग उभे बोअर, मग त्याहून खोल बोअर. आजोबांनी मोटेने जिथून पाणी काढलं, तिथे नातू सबमर्सिबल सोडतो आणि तरी मोटार हवा ओढते. ज्याला खोल जाणं परवडतं त्याची बाग राहते, ज्याला परवडत नाही त्याची वाळते. मंडळी, हा नुसता भूगोलाचा प्रश्न नाही.

वरचं जंगल

आता टाकीच्या वर काय आहे ते पाहू. सातपुड्याचं जंगल हे कोरडं पानझडीचं. साग, अंजन, सालई, धावडा, मोह, पळस, खैर, बांबू. उन्हाळ्यात जाल तर म्हणाल, हे कसलं जंगल, सगळं वाळलंय. ते वाळलेलं नाही, पाणी वाचवतंय. पान गाळलं की पाणी उडत नाही. आणि गळलेलं पान जमिनीवर पसरतं. पहिल्या पावसाचा थेंब मातीवर आदळत नाही, पानांवर पडतो, हळूहळू खाली झिरपतो. माती जागेवर राहते.

झाडंही पाणी पितात, हे मान्य. जंगल वाढलं की दुसऱ्या दिवशी विहीर भरते असं मी म्हणणार नाही. पण उघड्या उतारावरून पाण्याबरोबर माती येते, आणि ती बारीक माती पायथ्याच्या गोट्यांच्या फटींत बसते. झाकण बंद होतं. जंगलाचं पहिलं काम म्हणजे माती धरून ठेवणं आणि पाण्याचा वेग कमी करणं.

यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटर. शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचं अभयारण्य आहे. या जंगलांना उत्तरेला मध्य प्रदेशातली जंगलं लागून आहेत, आणि पूर्वेला मेळघाटाच्या दिशेने तुटक का होईना, वाट जाते. तिकडे मुक्ताईनगर तालुक्यात मुक्ताई भवानी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथल्या वाघांच्या बातम्या तुम्ही वाचता. वाघ केळीच्या बागेत आला, असं आपण म्हणतो. त्याच्या बाजूने पाहिलं तर दाट सावली, ओलावा, रानडुकरं, सगळं आहे. त्याला ती बाग जंगलाचाच तुकडा वाटते.

पण सातपुड्याचा खरा मानाचा प्राणी वाघ नाही. तो आहे ओंजळीत मावेल एवढा, रानपिंगळा.

रानपिंगळ्याची गोष्ट

१८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात, शहाद्याच्या बाजूला, त्याचे काही नमुने गोळा केले. आणि मग पक्षी गायब. शंभर वर्षांहून जास्त काळ खात्रीची नोंद नाही. मधे एक नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी सांगितलं होतं की १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला नमुना मिळाला. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ. त्यांनी तो नमुना तपासला आणि लबाडी बाहेर आली. तो पक्षी संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. मुळात तो डेव्हिडसनचाच, म्हणजे आपल्या खानदेशातला पक्षी!

खोटी चिठ्ठी बाजूला केल्यावर कुठे शोधायचं ते स्पष्ट झालं. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शोधत आले, आणि शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, सकाळच्या उन्हात झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट इथेही तो आढळला.

हा पिंगळा दिवसा वावरतो. सरडे, पाली, उंदीर खातो. जुन्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो. त्याला विरळ, उघडं, सागाचं जंगल लागतं. आणि असं जंगल कुठे असतं? पायथ्याला आणि मंद उतारावर. आता आधीचं आठवा. पाणी कुठे मुरतं? पायथ्याला. आणि नांगर आधी कुठे लागतो? सपाटी असते म्हणून तिथेच. रानपिंगळ्याचं घर आणि तुमच्या टाकीचं झाकण, बऱ्याच ठिकाणी एकाच पट्ट्यात येतात. म्हणून तो पक्षी वाचवणं ही शहरातल्या पक्षीमित्रांची हौस आहे असं समजू नका.

मग दोष कोणाचा?

आपल्या सभांमध्ये एक वाक्य हमखास येतं, ‘आदिवासींनी जंगल तोडलं.’ थोडं थांबून विचार करू. पावरा, भिल्ल, तडवी ही माणसं या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इंग्रजांनी जंगल राखीव केलं ते इमारती लाकडासाठी, आणि राहणारा माणूस त्याच जंगलात अतिक्रमण करणारा ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती चूक सुधारायचा रस्ता दिला. काही ठिकाणी या कायद्याचं निमित्त करून नवीन तोड झाली, तीही आपण पाहतो. दोन्ही खरं आहे. पण जिथे गावाला जंगल आपलं वाटलं, तिथे काय होतं? सातपुड्यातलं नाही, पण आपल्याच धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं बारीपाडा घ्या. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नियम केले, पाळले, आणि शेकडो हेक्टर जंगल परत उभं केलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डोंगरातल्या माणसाला बाजूला ठेवून डोंगर राखता येत नाही, हे बारीपाड्याने दाखवलं.

आता प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : मग काय सर, केळी लावायचीच नाही का?*

लावा की. पण आपल्या बागेचं पाणी मोजा. गावात किती मुरतं आणि किती उपसतो, हा हिशोब ग्रामसभेत मांडा. एक सांगतो, ठिबकने वाचलेलं पाणी जर आणखी दोन एकर केळी वाढवायला वापरलं, तर टाकीत काहीच शिल्लक राहत नाही. बचत तेव्हाच, जेव्हा उपसा कमी होतो.

*प्रश्न : शिरपूर पॅटर्नचं काय? तो आमच्याकडे करावा का?*

शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी जे केलं, त्यामागचा विचार समजून घ्या. गाळाच्या जमिनीत वाळूच्या थरांच्या वर चिकण मातीचे थर असतात. पाणी वर साचतं, खाली उतरत नाही. म्हणून नाले रुंद आणि खोल केले, मातीचा थर भेदला, आणि बंधारे घातले. जिथे असा थर आहे तिथे उपयोग होतो. जिथे मुळातच गोटे आहेत, तिथे एवढ्या खोदकामाची गरज नाही. आणि जिथे खाली कठीण पाषाण आहे, तिथे खोल खणलं तर शेजारच्या विहिरीचं पाणी नाल्यात उतरू शकतं. आधी जमीन पाहा, मग जेसीबी बोलवा.

*प्रश्न : मेगा रिचार्ज झालं की प्रश्न सुटेल ना?*

कल्पना चांगली आहे. पावसाळ्यात तापीचं वाहून जाणारं पाणी कालव्याने सातपुड्याच्या पायथ्याला आणायचं आणि या गोट्यांच्या पट्ट्यात मुरवायचं. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करारही झाला. पण बघा, ती योजनासुद्धा उभी आहे या पट्ट्याच्या भरवशावर. कालवा येईपर्यंत आपण तिथले गोटे-वाळू उपसून विकले, नाले बुजवले, वरची माती खाली येऊ दिली, तर आणलेलं पाणी मुरणार कुठे? कालवा सरकार बांधेल. पायथ्याचा पट्टा आपल्याला राखायचा आहे. तुमच्या गावात पाणी पिणारा नाला कोणता, तो म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि आधी तो मोकळा ठेवा.